फिलोमिनाच्या ट्रकचा पंखा

वसईजवळच्या गोखिवऱ्यात बेनेडिक्ट मिस्त्रीला लोक 'कान' म्हणत. ट्रक वळणावर दिसायच्या आधीच, नुसत्या आवाजावरून तो सांगायचा की नोझल गेलंय की टॅपेट ढिले झालेत. दहांत नऊ वेळा ते खरं निघायचं. दहाव्या वेळेबद्दल तो बोलत नसे.

१९८४ पर्यंत त्याचं बरं चाललं होतं. मग कॉन्रॅड कुवेतहून परत आला.

दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पंचाहत्तर साली मुंबईच्या एका एजंटने कुवेतच्या नोकरीसाठी दोघांची परीक्षा घेतली, समोर परदेशी इंजिन ठेवून. बेनेडिक्टचा कान तिथे चालला नाही आणि विमानात कॉन्रॅड बसला. नऊ वर्षांनी परतला तो स्लॅबचं घर बांधण्याइतका पैसा आणि लाल पेटीभर चकचकीत हत्यारं घेऊन. बरं, गॅरेज टाकायला अख्खी वसई मोकळी पडली होती, पण या गृहस्थाने ते टाकलं नेमकं बेनेडिक्टच्या समोर. बेनेडिक्टची बायको सालोमी एकदा कॉन्रॅडकडे फ्रीजमधलं सरबत पिऊन आली, ती आठवडाभर दुसरं बोलेना.

"एवढं गार पिऊन घसा बसत कसा नाही तुझा?" बेनेडिक्ट शेवटी वैतागून म्हणाला.

तो जळत होता. ईस्टरच्या आधी कन्फेशनला त्याने फादरांना तसं सांगितलंही. फादरांनी तीनदा 'आमच्या बापा' म्हणायला सांगितलं. त्याने मनापासून म्हटलं, देवळाबाहेर आला, तर समोर कॉन्रॅड नव्या स्कूटरला किक मारत होता. तिन्ही प्रार्थना वाया गेल्या.

अशात फिलोमिनाचा ट्रक आला. फिलोमिना पाचूबंदरची, मासळीची मोठी व्यापारी. पापलेटं आणि बर्फ मुंबईच्या बाजारात पोचवायला तिने दोन वर्षांपूर्वी गोदीतल्या लिलावात एक जुना जपानी ट्रक घेतला होता. सगळ्या तालुक्यात तसा दुसरा नव्हता.

"मिस्त्री, इंजिनचा पंखा थांबतच नाय," ती म्हणाली. "पीटर बोलतो, पानी गरमच व्हत नाय, चढाला गाडी वढत नाय, आनि डिझेल तर ढोसतेच." पीटर तिचा ड्रायव्हर.

बेनेडिक्ट हसला. "बाई, पंखा फिरायलाच असतो. तो थांबला तर इंजिन जळेल तुझं."

त्याचं तरी काय चुकलं? त्याने जन्मभर जे ट्रक पाहिले, त्यांत इंजिन फिरलं की पट्ट्यावर पंखा फिरायचा. दोन वर्षांपूर्वी हाच ट्रक पहिल्यांदा आला, तेव्हा बंद इंजिनाचा पंखा हाताने सैल फिरताना पाहून त्याला धक्काच बसला होता. एवढी किमती गाडी आणि पंखा ढिला! त्याने पंख्यामागे एक लोखंडी पट्टी घातली, दोन बोल्टांनी पंखा पुलीला कायमचा जखडला आणि बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांवर तार पिळली. तार पिळायचं दोघांना उस्तादाने शिकवलेलं. बेनेडिक्ट ती आडवी-उभी, क्रुसासारखी घालायचा. जपानी माणसाची चूक आपण कशी सुधारली, हे त्याने पुढे वर्षभर भेटेल त्याला सांगितलं होतं.

फिलोमिनाचं समाधान झालं नाही. ती ट्रक घेऊन समोर गेली. बेनेडिक्ट हातात पाना धरून रस्त्यापलीकडचं ऐकत राहिला.

"या गाडीचा पंखा सदा फिरत नाही," कॉन्रॅड तिला सांगत होता. "मध्ये एक डबी असते. इंजिन गार असलं की ती पंखा सैल सोडते, तापलं की धरते. तुझा पंखा सुटतच नाही. का, ते बघू."

बेनेडिक्टने पाना खाली ठेवला. का सुटत नाही, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. आता कॉन्रॅड पट्टी बाहेर काढून रस्त्यात नाचवणार आणि 'कान' म्हणणारी माणसं उद्यापासून काय म्हणतील, ते त्याला आजच ऐकू यायला लागलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

पण कॉन्रॅडने काही नाचवलं नाही. सकाळी गार इंजिन चालू करून पंख्याचा आवाज ऐकला, पाण्याचा व्हॉल्व्ह काढून गरम पाण्यात उघडतो का पाहिला, आरसा घेऊन पंख्यामागे डोकावला, ट्रकखाली तासभर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी हात पुसत फिलोमिनाला म्हणाला, "नाही सापडत मला. बेनेडिक्टकडे ने. तोच काढील."

बेनेडिक्टला आनंद मावेना. कुवेतवाला हरला! आता फक्त बोल्ट काढायचे, पट्टी भंगारात टाकायची आणि नाव कमवायचं. दुपारी तो ट्रकखाली शिरला, हात वर घातला आणि थांबला.

बोल्ट त्याचेच होते. पट्टी त्याचीच. पण तार नवी, चकचकीत होती आणि तिचा पीळ सरळ होता. सरळ पीळ कॉन्रॅडचा.

म्हणजे त्याने सगळं उघडलं होतं, आडवी-उभी तार ओळखली होती आणि पट्टी होती तशी पुन्हा बसवून चार लोकांत स्वतःला अडाणी म्हणवून घेतलं होतं. बेनेडिक्टला रडू येईना आणि शिवी सुचेना. घर त्याचं, फ्रीज त्याचा, स्कूटर त्याची. आता चांगुलपणाही त्याचाच?

त्याने बोल्ट काढले. इंजिन चालू केलं. पंखा थोडा घोंघावला आणि मग मंदावत गेला. पीटर चढापर्यंत फेरी मारून आला आणि उतरताच ओरडला, "वाघासारखी वढते!"

फिलोमिना टाळी वाजवून म्हणाली, "बोल्ले व्हते ना, कान तो कान! काय व्हतं मिस्त्री?"

कॉन्रॅड रस्ता ओलांडून आला होता. "मी सांगितलंच होतं, बेनेडिक्टच काढील," तो हसत म्हणाला.

ते हसू बेनेडिक्टला सहन झालं नाही. जन्मभर याच्या उपकाराखाली राहायचं? मग हसं झालं तर होऊ दे. त्याने पट्टी सगळ्यांसमोर उंच धरली.

"हे होतं. मीच घातलं, दोन वर्षांपूर्वी, गाडी कळली नाही म्हणून. दोन वर्षं तुझं डिझेल माझ्यामुळे जळलं, फिलोमिना. आणि याला हे आधीच सापडलं होतं. माझं नाव राखायला खोटं बोलला हा."

फिलोमिनाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बर्फाच्या पेटीतून सगळ्यात मोठं पापलेट काढून तिने ते बेनेडिक्टच्या तेलकट हातात ठेवलं. कॉन्रॅड हात पुसून उभाच होता, पण त्याला काही मिळालं नाही.

बेनेडिक्ट पुढे म्हातारपणापर्यंत शपथेवर सांगायचा की त्या क्षणी कॉन्रॅडच्या तोंडावर त्याने हेवा पाहिला. सालोमी म्हणायची, तसं काही नव्हतं, ऊन डोळ्यांवर आलं होतं त्याच्या. ते पापलेट मात्र बेनेडिक्टने एकट्याने संपवलं.