कारण संपल्यावर

वीस वर्षांपूर्वी मी नर्स होऊन सौदीला निघाले, तेव्हा आई चिपळूणच्या एसटी स्टँडवर सोडायला आली होती. रडली नाही. "धाकट्याचं शिक्षण, आप्पांचं औषधपाणी, घरावर स्लॅब. तीन कामं झाली की परत ये," एवढंच म्हणाली. याद्या करायची माझी सवय तिचीच.

तिन्ही कामं कधीच झाली. मी अजून अल खफजीत आहे. समोर आखात, मागे कुवेतची सीमा. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रिन्यू होत राहिला, माझी मुलगी सई इथेच जन्मली, तिचे बाबा ऑफशोअरवर, समुद्रातल्या तेलविहिरीवर असतात.

या वर्षी आखातापलीकडे ताण वाढला. बातम्यांत रोज अणुबाँब. मोबाइलवर धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी झाली, तेव्हा वॉर्डातले सगळे फोन एकदम किंचाळले आणि माझ्या हातातला ट्रे पडला. घरी येऊन यादी केली: पासपोर्ट, पाणी, औषधं, टॉर्च. आणि सईला शाळेत नेमका अणुबाँबच्या जन्मावरच प्रोजेक्ट.

मी म्हटलं, मुद्दे क्रमाने लिही. अणू फुटतो हे जर्मनीत कळलं. तिथून पळालेल्या शास्त्रज्ञांना भीती वाटली की नाझी आधी बाँब करतील, म्हणून अमेरिकेने घाई केली. पुढे समजलं, जर्मनांचा बाँब होतच नव्हता. मग जर्मनी हरलीच. तरी काम थांबलं नाही. वाळवंटात चाचणी झाली, दोन बाँब जपानवर पडले. चार वर्षांत रशियानेही केला. मग दोघांनी हायड्रोजन बाँब.

"आई, जर्मनी हरली म्हणजे रीझन खलास. फिर रुके क्यों नहीं?"

"एवढं काम झालं होतं, माणसं जमली होती. अर्ध्यावर कोण सोडतं?"

"एक सायंटिस्ट बाँबचं काम सोडून निघून गेला. सिर्फ एक." मग वहीतून मान वर न काढता म्हणाली, "तू नाही गेलीस. आजीची लिस्ट तर कधीच खलास."

चार दिवसांनी मी राजीनामा दिला. तिचे बाबा फोनवर म्हणाले, "तुम्ही दोघी पुढे व्हा. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं की येतो."

सईने वही मिटली. मग म्हणाली, "घरी तू चाललीस. मी घर सोडतेय. का, ते तरी सांग."

माझ्याजवळ एकच कारण होतं, भीती. आणि भीतीपोटी माणसं काय काय करतात, ते आम्ही दोघींनी नुकतंच क्रमाने लिहिलं होतं. घर म्हणजे चिपळूण, असं धरून मी इथे वीस वर्षं काढली. माझ्या मुलीचं घर मात्र हा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि ते मी यादीत कुठेच लिहिलं नव्हतं.

"तुझं काय काय भरू?" मी विचारलं.

"काही नको. राहू दे इथेच. मी परत येणारे."

नोकरी सोडून कायमचं जाताना मिळतो तो फायनल एग्झिट, म्हणजे इकामा रद्द, परत येणं नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. तरी मी होकारार्थी मान हलवली आणि तिची बॅग रिकामीच बंद केली.