रक्त न्यायची वेळ

माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये एक जाड काच होती, आणि तिच्यावरून मला रोज बोलणी बसत. "काचेला हात लावू नका," सिस्टर म्हणायच्या. "तिचं काही दुखत नाहीये." बाहेरच्या बाजूने बोट टेकलेलंही त्यांना खपत नसे. पुण्यात माणूस मरणाच्या दारात असला तरी टोमणा वेळेवर मिळतो.

कंपनीत विजेच्या पॅनेलचा भडका उडाला आणि त्याचे दोन्ही हात, छाती, मान भाजली. डॉक्टरांनी मला समजावलं की इतकं भाजलं की शरीराची प्रतिकारशक्ती आधी पिसाळते आणि मग साफ गळून जाते. जखमांतून माणूस वाचतो आणि नंतरच्या जंतुसंसर्गात जातो. ती शक्ती पुन्हा जागी करायच्या औषधावर त्यांचं संशोधन चालू होतं. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाइन, आणि कोणाला काय मिळतंय हे त्यांनाही कळणार नव्हतं. नवरा बेशुद्ध होता, म्हणून मला विचारलं. मी हो म्हणाले.

तिथून जी अडकले ती अडकलेच. आत काय आहे ते कळू नये म्हणून त्याच्या सलाइनच्या पिशवीवर काळं कव्हर असायचं. ताप उतरला की मला वाटायचं, औषधच आहे. चढला की वाटायचं, मीठपाणी. कोथरूडला घरी अंघोळीपुरती जायचे, तेव्हाही डोक्यात तेच. सासूबाईंनी विहारात परित्राणपाठ करून घेतला आणि तिथला रक्षणाचा पांढरा दोरा त्याच्या मनगटासाठी आणला. तो आत नेऊ देईनात. "मग तू बांध," त्या म्हणाल्या, "त्याच्या वाटचा." त्यांनी माझ्या मनगटाला घट्ट गाठ मारली. दोरा मळला, काचायला लागला, पण काढायची हिंमत होत नव्हती. काढला आणि काही झालं तर?

सगळ्यात मला बघवत नसे ते सकाळचं रक्त घेणं. संशोधनासाठी एक तंत्रज्ञ बाई नखशिखांत झाकून आत जायच्या. त्याच्या हातांना जागाच नव्हती, म्हणून पायाची शीर शोधायच्या. त्याचे डोळे मिटलेले दिसायचे. मी पाठ फिरवून उभी राहायचे. इतकं भाजलेल्या माणसाला आणखी टोचायला मी परवानगी दिली होती, आणि कदाचित मीठपाण्यासाठी.

तो हळूहळू शुद्धीवर आला, तरी रक्त घेताना डोळे मिटूनच घ्यायचा. काही दिवसांनी श्वासाची नळी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आता निर्णय त्यांचा. संशोधनात राहायचं नसेल तर आजच थांबवू. बाकीचे उपचार आहेत तसेच चालू राहतील." मला सुटल्यासारखं झालं.

काचेजवळचा फोन उचलून मी त्याला सगळं सांगितलं. आतला फोन एका नर्सने त्याच्या कानाशी धरला होता. "नको म्हण," मी म्हणाले. "रोजचं टोचणं तरी वाचेल."

तो खरखरीत आवाजात म्हणाला, "बंद केलं तर त्या रक्तवाल्या बाई येणार नाहीत?"

"नाही येणार."

"मग चालू राहू दे."

"अरे, औषध नसेलही त्यात."

"नसू दे." त्याला दम लागला. "त्या पाय हातात धरतात. शीर सापडेपर्यंत. बाकी सगळे नुसते ड्रेसिंगला हात लावतात."

डोळे मिटून तो दुखणं सोसतोय असं मी इतके दिवस समजत होते. मी तळहात काचेवर ठेवला, दोऱ्यासकट. सिस्टर मागेच उभ्या होत्या, पण त्या काही बोलल्या नाहीत.

त्याचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो दाराकडे बघत होता. रक्त न्यायची वेळ झाली होती.