सासूबाईंच्या मोटारसायकलचं ऑइल

माझ्या सासूबाई सरकारी नर्स होत्या. साक्री तालुक्यातल्या पाड्यांवर लस द्यायला त्या मोटारसायकलवर जायच्या, साडीचा पदर कमरेला खोचून. निवृत्त झाल्यावर ती गाडी धुळ्यातल्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये झाकून पडली होती. मागच्या उन्हाळ्यात मी म्हटलं, "आई, मला शिकवा ना ही." त्यांनी लगेच जाऊन गाडीवरचं गोणपाट काढलं.

जुनं ऑइल काढलं तर ते डांबरासारखं निघालं. नवं कोणतं घालायचं म्हणून नवऱ्याला फोन केला. तो नोकरीसाठी जळगावला असतो. "माझ्या कारचं उरलंय, कपाटाखाली आहे," तो म्हणाला. "सगळ्यात भारी ऑइल आहे, तेच घाला." आम्ही घातलं. इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला. "माहेरी राहून आल्यासारखी खूश दिसतेय," सासूबाई म्हणाल्या.

दोन दिवस त्यांनी मला मैदानात शिकवलं. मग साक्रीच्या बाजाराला जायचं ठरलं. त्या पुढे, मी मागे. नेर मागे पडलं, ऊन चढलं आणि एका चढावर गाडीचं काहीतरी बिनसलं. त्यांनी रेस वाढवली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी मात्र बैलगाडीच्या चालीनं. शेवटी आम्ही लिंबाखाली थांबलो.

शेतातून एक आबा आले. "काय व्हयनं अक्का? पेट्रोल संपनं का?"

"पेट्रोल भरपूर शे, आबा," सासूबाई अहिराणीतच म्हणाल्या आणि गाडीकडे पाहत बसल्या. पेशंटकडे बघायच्या तशा. मग मला म्हणाल्या, "इंजिन पळतंय, चाक पळत नाही. म्हणजे मधला क्लच घसरतोय. मी नोकरीत चालवायचे तेव्हा चांगला होता. आपण बदललं काय?"

"ऑइल."

"कारचा क्लच ऑइलमध्ये नसतो. हिचा त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ते जास्त गुळगुळीत पडलं."

आबांनी माठातलं पाणी पाजलं. गाडी निवल्यावर आम्ही रेस न वाढवता साक्री गाठलं. चढ आला की मी उतरून शेजारून चालायचे आणि सासूबाई मला हसत पुढे जायच्या.

ऑइलच्या दुकानातल्या भाऊंनी तीन डबे मांडले. तिन्ही मोटारसायकलचेच, क्लचला चालतील असे. पहिलं पातळ, नव्या गाड्यांसाठी. सासूबाईंनी ते बाजूला सारलं. "आमची म्हातारी आहे, भाऊ. हिला रेडिएटर नाही, वाऱ्यावरच गार होते. आणि मे महिन्यात आपल्याकडचा वारासुद्धा तापलेला. तापल्यावरही दाटपणा धरून ठेवेल असं द्या."

भाऊंनी सगळ्यात घट्ट डबा पुढे केला. "हे घ्या, फक्त उन्हाळ्यात चालणारं."

"आणि थंडीत सकाळी हिला किक कोण मारणार? तुम्ही याल का?"

भाऊ हसले आणि त्यांनी मधला डबा उघडला, वीस-पन्नासचा. वीस म्हणजे गार असताना किती वाहतं आणि पन्नास म्हणजे तापल्यावर किती दाट राहतं, हे त्यांनी मला समजावलं. आधीचं ऑइल आत चिकटून राहू नये म्हणून एकदा भरून, गाडी थोडी चालवून ते काढलं आणि पुन्हा नवं भरलं. सासूबाईंनी बाजाराभोवती एक फेरी मारली. गाडी पुन्हा चांगली ओढ घ्यायला लागली.

आम्ही भजी खाल्ली, कैऱ्या घेतल्या. निघताना त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः मागे बसल्या. हायवेवर मी पहिल्यांदाच चालवत होते. नेरच्या आधी मी एक ट्रॅक्टर ओलांडला, तेव्हा मागून त्यांनी माझा खांदा थोपटला.

"अजून थोडी रेस दे," त्या म्हणाल्या. "बठ्ठं बरोबर शे. अगदी सगळं."