लताबाईंची डावी भिवई

दीपनगरच्या वसाहतीत प्रज्ञाला सगळे मूर्तीवाली ताई म्हणतात. वडिलांचं नाव आधार, ते वीजकेंद्रात वेल्डर होते. दहावीच्या सुटीत पोरीने त्यांचाच चेहरा मातीत घडवला. शेजारणी हसल्या, वडिलांनी मात्र पोरीला कला महाविद्यालयात घातलं. पुढे जमलेलं लग्न मोडलं. नखांत कायम माती असलेली सून मुलाकडच्यांना नको होती. प्रज्ञा दोन दिवस रडली, मग पत्र्याची शेड टाकून कामाला लागली. विहारांसाठी बुद्धमूर्ती, शाळांसाठी अर्धपुतळे, असं करता करता चाळिशी उलटली.

गेल्या वर्षी भडगावकडचे लोटननाना आले. त्यांची बायको लताबाई वारली होती. माहेरून आलेली दोन एकर जमीन तिने गावातल्या मुलींच्या शाळेला दिली होती, म्हणून शाळेला तिचा अर्धपुतळा हवा होता. फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा.

"नाना, त्या दिसायच्या कशा?"

नाना चाचरले. "तोंडवर पदर ऱ्हाये तिना."

एवढ्यावर पुतळा कसा व्हायचा? प्रज्ञा एसटीने त्यांच्या गावी गेली. मुलगी कामिनी आईच्याच तोंडावळ्याची, तिच्या हनुवटीचं माप घेतलं. शेजारच्या कुंदाबाईंनी सांगितलं, लता चिडली की तिची डावी भिवई वर चढायची. जमिनीवरून घरात वाजलं तेव्हा आठ दिवस भिवई खाली उतरली नव्हती. प्रज्ञाने ती भिवई तशीच घडवली.

मातीचं काम पाहायला नाना आले. त्यांची नजर त्या भिवईवर अडकली.

"जरा शांत करा ना, ताई. देवीसारखी."

"करते. पण मग त्या लताबाई राहायच्या नाहीत."

नाना स्टुलावर टेकले. जमीन देऊ नको म्हणून त्यांनी एकदा तिच्यावर हात उगारला होता, हे त्यांनी मान खाली घालूनच सांगितलं. मग पुतळ्याच्या नजरेकडे बोट केलं. "तवय ती मन्हाकडे आशीच दखे."

माती वाळू नये म्हणून प्रज्ञाने ओलं फडकं पुतळ्यावर टाकायला घेतलं, तसा नानांनी तिचा हात थांबवला. "ऱ्हाऊ द्या. आशीच ऱ्हाऊ द्या."

अनावरणाला सगळा गाव जमला. पाहुण्यांनी नानांच्या दानशूरपणाचं कौतुक सुरू केलं, तेव्हा नाना उठले नि माईक हातात घेऊन म्हणाले, "जमीन तिची होती. मी आडवा आलो होतो."

मंडपात कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या रांगेत कामिनीने प्रज्ञाचा हात घट्ट धरला.