एस्टीत देवीला जागा मिळाली त्याची गोष्ट

औंधाहून पलूसला जायचं कुणाच्या मनात आसंल तर त्येनं आधी एक रुमाल घ्यावा. डबा, पैसं, पत्ता ही सगळी नंतर.

दुष्काळ सरून दुसरं साल लागलं हुतं. माजी थोरली आक्का पलूसला दिलेली. तिचं पैलं बाळंतपण, म्हंजी आमच्या चालीनं म्हायेरी. तिला आणायला मुराळी म्हणून भाऊ जायाला पायजे, आन् घरात बिनकामाचा भाऊ मी एकटाच. आई म्हणली, "जाताना कुणाची खोडी काढू नगंस." मी मान हलवली. येतानाचं ती काय बोललीच न्हाई.

औंधात सकाळच्या विट्याच्या गाडीत खिडकीजवळ बसलो. मागनं एक धोतरवाला आला आन् म्हणला, "ऊठ. माजा टावेल हाय तितं."

बघतो तर खरंच माज्या बुडाखाली टावेल. हितला कायदा आसा, की गाडी लागायच्या आधीच खिडकीतनं रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडत्यात. ज्याचं कापड त्येची जागा. बसलेल्या माणसाला उठवत्यात, कापडाला कुणी उठवत न्हाई. विट्यापतूर उभा ऱ्हायलो. पुसेसावळीच्या पुढं रस्ता लय खराब, तवा उभं ऱ्हायल्यालंच बरं, आसं सोताला सांगत गेलो.

विट्याच्या स्टँडावर चाराण्याची भजी खाल्ली. गरम हुती, एवढंच चांगलं सांगता येतं. पलूसच्या गाडीत मातूर जागा मिळाली. शेजारचा गडी ऊस खात हुता आन् चोथा माज्या पायावर टाकत हुता. "दादा, पाय हायती माजं," म्हणलं.

"मग वर घे की," म्हणला.

मी पाय वर घेतलं. सगळा चोथा गोळा केला आन् त्येची पिशवी उघडीच हुती, तिच्यात व्यवस्थित भरला. उतरताना त्येनं पिशवी खांद्याला लावली, जरा थांबला, आन् वजन झालंय म्हणून खूश हून गेला.

पलूसची जमीन काळी, ऊस रस्त्यापतूर आल्याला. आमच्या औंधाकडची माणसं हितं आली की आधी गप हुत्यात, मग शिव्या देत्यात. आक्काच्या सासूनं तूप घालून गुळाची पोळी वाढली. दुसरी खाताना म्हणली, "पाव्हणं, पोरीला उभी न्यायची न्हाई. विट्याला औंधाच्या गाडीत जागा घावली न्हाई तर तसंच माघारी या. बाळंतपण आमी करू हितंच."

आक्का चुलीपुढं बसलेली. तिनं माज्याकडं बघितलं. वरीस झालं तिनं आईला बघितलं नव्हतं.

सकाळी सासूनं आक्काची ओटी भरली. खण, तांदूळ, हळदकुंकू, नारळ. "नारळ तुमच्या औंधाच्या यमाईदेवीला वाढवायचा बरं का," म्हणली.

पलूस ते विटा आक्काला कंडक्टरनं आपल्या शेजारी बसवलं. देव त्येचं भलं करो. विट्याला औंधाची गाडी लागली आन् मी रुमाल फेकला. लय झ्याक पडला, बरुबर बाकाच्या मधी. चढून आत गेलो तर रुमाल खाली, आन् बाकावर पांढऱ्या टोपीचा एक मामा. एका कडंला सोता, मधी पिशवी, दुसऱ्या कडंला त्येचं पाय.

"मामा, माजी भन हाय. दोन जिवाची हाय. एवढी पिशवी उचला."

"मान्सं यायची हायती."

"कवा?"

"पुसेसावळीला चढत्याली."

"आवं, तितपतूर तर बसू द्या."

"मग तितं उठवायचं कुणी? तू? ऱ्हाऊ दे गड्या, नंतर वादावादी नगं."

गाडी भरत चाललेली. आक्का दांडीला धरून उभी, दुसरा हात कमरंवर. कंडक्टर म्हणला, "उभ्यानं झेपत नसंल तर बाईला उतरवा बाबा, दुपारची गाडी बघा." दुपारची गाडी कशी आसती ते मला म्हाईत हुतं. तिच्यात सकाळी उतरल्यालं सगळं आसत्यात.

मी आक्काच्या पिशवीतनं नारळ काढला, खणावर ठेवला, कुंकू लावलं आन् दोन्ही हातानं अलगद नेऊन मामाच्या पिशवीवर ठेवला. मोठ्यानं म्हणलो, "यमाईचा हाय. औंधाला चाललाय."

मामानं पाय असं वढलं की जणू बाक तापलाय. खालनं मोकळीच पिशवी काढून मांडीवर घेतली. मागं एकानं बिडी इझवली. एक म्हातारी चपला काढून हात जोडाय लागली. सकाळपासनं गाडीत माणुसकी नव्हती, ती एकदम भरून आली.

मी म्हणलो, "बस आक्का."

"आवं, तितं कसं बसतीया?" मामा म्हणला. "बाकावर देवी हाय."

"व्हय की," म्हातारी म्हणली. "धक्का लागंल देवीला."

"जरा पलीकडं उभी ऱ्हा बाई," मागनं कुणीतरी.

झालं. रुमालानं घेतल्याली जागा मामानं घेतली, नारळानं घेतल्याली देवीनं घेतली. मी शाना, दोन्हीकडनं उभा. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर. "बोला लौकर, उतरताय का?"

तवा आक्का पुढं आली. तिनं नारळ उचलला, खणासकट पदरात घेतला आन् बाकावर बसली. 

"ओटी माजी हाय," आक्का म्हणली. "ओटी बाकावर ठेवत्यात व्हय? ती पदरात आसती. ह्यो येडा हाय."

म्हातारीनं जरा इचार केला. "खरं हाय पोरीचं. पदरातच आसती."

कंडक्टरनं घंटी वाजवली. मामा उठला. देवीच्या शेजारी टेकायचं त्येला बरं वाटंना. मी म्हणलो, "बसा की मामा, जागा हाय." तो न्हाई म्हणला आन् माज्या शेजारी दांडी धरून उभा ऱ्हायला. रस्ता खराब हुताच. दर खड्ड्याला त्येची टोपी माज्या नाकावर.

पुसेसावळी आली. चढलं कुणीच न्हाई. मामाच उतराय लागला.

"मान्सं कुठायत तुमची?" मी इचारलं.

 तो पायरीवर थांबून हळूच म्हणला, "देवळात जाशील तवा माजाबी नमस्कार सांग. सुनंचं दिवस भरत आल्यात. म्हायेराला धाडलीया परवा."

"एस्टीनं?"

"मग कशानं?"

"बसाय मिळालं का तिला?"

मामा रस्त्याकडं बघाय लागला. "काय म्हाईत," म्हणला आन् उतरला.

औंधाला आई स्टँडावरच आलेली. पैला सवाल, "जागा मिळाली का गं?"

"देवीला मिळाली," आक्का म्हणली. "म्या नुसता पदर धरला."

दुसऱ्या दिवशी डोंगर चढून गेलो. यमाईचा डोंगर सकाळी लौकर चढावा, ऊन झालं की पायऱ्या तापत्यात. वर वारं लय चांगलं, निम्मा मुलूख दिसतो. नारळ वाढवला. आक्कासाठी हात जोडलं. मग मामाचा नमस्कार सांगावा का नगं, ह्यावर तितंच पायरीवर बसलो. त्येची मोकळी पिशवी डोळ्याम्होरं येत हुती, आन् न बघितलेली त्येची सूनबी, कुणाचीतरी पोरगी, कुठल्यातरी गाडीत दांडीला धरल्याली.

शेवटी नमस्कार सांगितला. त्येचा न्हाई, तिचा.