पोलानं ओळख दिली नाही

ओल्शीना गावात अपोलोनियाला सगळे पोलाच म्हणत. नवरा वालेंती, दोन गाई आणि बटाट्याचं शेत, एवढाच तिचा संसार. युद्धात जर्मन शिपायांनी खोगीर शिवणाऱ्या ज्यू शेजाऱ्याला धरून नेलं, तेव्हा त्याची बायको फायगा आणि लहानगी रिव्का मागच्या दारानं पोलाकडे आल्या. पोलानं त्यांना गोठ्याखालच्या बटाट्यांच्या खड्ड्यात लपवलं.

गावाला ते ठाऊक होतं. कुणी दूध आणून ठेवी, कुणी लोकरीचे मोजे. शिपाई दिसले की टेकडीवरची म्हातारी कोंबड्यांना मोठमोठ्यानं हाका मारी आणि पोला खड्ड्यावर गवत लोटी. एकदा तर शिपायांनी गोठ्यातल्या गवतात संगिनी खुपसून पाहिल्या. पोला दूध काढत बसून राहिली. तिनं धार तुटू दिली नाही.

युद्ध संपलं, मायलेकी शहरात राहायला गेल्या. पण आसपासच्या गावांत कुजबुज सुरू झाली, की ज्यूंना ज्यांनी लपवलं त्यांच्या घरात सोनं पुरलंय. नदीपलीकडच्या एका शेतकऱ्याला त्यापायी लोकांनी बडवलं, त्याचा गोठा पेटवला.

"तोंड शिवून बस," वालेंती म्हणाला. "आपण कुणाला ओळखत नाही."

बटाटे निघाल्यावर पोला शहरातल्या बाजारात पनीर विकायला बसली होती. शेजारी परगावच्या दोन बाया. गर्दीतून फायगा आली, लेकीचा हात धरून.

"पोला, अगं किती दिवसांनी भेटलीस."

बाया वळून पाहू लागल्या. "कोण गं ही? लढाईत तुझ्याकडे होती की काय?" एकीनं विचारलं.

"माझ्याकडे कशाला असेल?" पोला म्हणाली, आणि फायगाकडे न बघता, "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय. मी नाही ओळखत तुम्हाला."

फायगानं त्या दोन बायांकडे पाहिलं. पोला का नाकारतेय, ते तिच्या लक्षात आलं. "माफ करा हं, चेहरा सारखा वाटला," असं म्हणून ती वळली. रिव्का मात्र मागे बघत होती. "आई, पोला मावशीच आहे ती," असं ती म्हणाली, ते पोलाला ऐकू आलं.

शिपायांपुढे न डगमगलेली बाई दोन बायांच्या जिभेला भ्यायली होती. घरी आल्यावर वालेंती म्हणाला, "बरं केलंस," आणि त्या शब्दांनी तिला जास्तच मेल्यासारखं झालं. ती फायगाला शोधायला परत शहरात गेली, तोवर मायलेकी देश सोडून गेल्या होत्या.

पुष्कळ वर्षांनी, वालेंती वारल्यानंतर, केस पिकलेली रिव्का तिच्या दारात आली. मायलेकींना वाचवणाऱ्या गावकऱ्यांची नावं कोरून तिला गावात एक दगड उभारायचा होता. पोलानं तिला बीटचं सार वाढलं, पण मान वर केली नाही.

"त्या दिवशी बाजारात..." पोला म्हणाली.

"आईला राग नव्हता," रिव्का म्हणाली. "पोलाचा नाइलाज होता, असं ती शेवटपर्यंत म्हणायची."

"आणि तुला?"

"मला होता, मावशी. थोडा अजूनही आहे."

"असू दे," पोला म्हणाली. "माझं नाव नका घालू त्या दगडावर."

"ते घालायचंच," रिव्का म्हणाली, आणि तिनं आणखी सार मागून घेतलं.

दगडासमोर नावं वाचली गेली, तेव्हा पोला सगळ्यांच्या मागे उभी होती. तिच्या नावाला टाळ्या पडल्या, आणि तिनं डोक्यावरचा रुमाल कपाळावर आणखी खाली ओढला.