मांड्यांतली रग

बायकोसंगं शेवटचं काय केलं असं कुणी विचारलं, तर मी सांगतो, बागेत फेऱ्या मारल्या. मी लंगडत होतो आणि ती पुढं चालत होती.

त्याचं मूळ आदल्या संध्याकाळी आहे. आमच्या गारखेड्याच्या बागेत कसरतीच्या मशिनी बसवल्यात, उघड्यावरच. त्यातल्या एकीला समोरासमोर दोन खुर्च्या आहेत. पाय फळीवर टेकवायचे आणि रेटायचं, की खुर्ची माणसाला घेऊन मागं जाते. दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरनं मला सांगितलं होतं, "आजोबा, गुडघा वाचवायचा असेल तर मांड्यांत ताकद आणा, आणि रोज दम लागेल असं चाला." मी ते दवाखान्याच्या पायरीवरच विसरलो. हिनं पाठ केलं. दुखणं माझं असलं तरी ध्यानात तिच्याच राहायचं.

त्या संध्याकाळी ती समोरच्या खुर्चीवर बसून, साडीचा काठ पोटरीशी दाबून, निवांत रेटत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "कंपनीत लोखंड उचलायचो म्हणता ना? मग इथं काय झालं?"

झालं. मी रेटत सुटलो. तिनं थांबवलं तरी थांबलो नाय. बाजूला दोन पोरी उभ्या होत्या, त्या तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"बास करा आता. उद्या उठवायला क्रेन आणावी लागंल."

"तू तुझं बघ," मी म्हणलो.

सकाळी पलंगावरून पाय खाली घेतले आणि ओरडलोच. मांड्या भरून आल्या होत्या, हात लावू देईनात. संडासात बसलो ते उठायला दाराची कडी धरावी लागली. लिहायची गोष्ट नाय, पण झालं तसंच. बाहेरून हिचा आवाज आला, "आत बी मशीन बसवली का?"

मी म्हणलो, आज चालणं नाय. ती म्हणाली, आजच चालायचं. तिचं शहाणपण कापसाच्या वेचणीतलं होतं. लग्नाआधी ती वेचणीला जायची. पहिल्या दिवशी कंबर धरली आणि जी बाई दुसऱ्या दिवशी घरी बसली, ती चार दिवस बसली. जी तशीच कण्हत रानात गेली तिची कंबर दुपारपर्यंत मोकळी. "भरलेले पाय बसून आणखी भरतात," ती म्हणाली, "चाललं की रग मरती." आणि माझे बूट आणून समोर आपटले.

पहिल्या फेरीला माझे पाय माझे नव्हतेच. कुणाचे तरी उसने आणून लावल्यासारखे. ती साडीखाली पोराचे जुने बूट घालून झपाझपा पुढं जायची, वळणावर थांबायची आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल असं म्हणायची, "या, या, नवरदेव! वरात खोळंबली." दुसऱ्या फेरीला जरा सैल झालं. तिसऱ्या फेरीला दम लागला, घाम आला, आणि मांडी दुखते हे मधूनमधून विसरायला झालं. तिला दम लागायचा नाय. ती सगळी वाट बोलत होती. सूनबाईच्या मोडलेल्या मिक्सरबद्दल, विहारात पौर्णिमेला खीर कुणी करायची त्याबद्दल, शेजारणीच्या कुत्र्याबद्दल. मी हूं हूं करत होतो. आता तेवढं बोलणं कुठून आणू.

घरी आलो. तिनं भाकरी टाकल्या, आम्ही जेवलो, ती जरा पडते म्हणाली. चहाच्या वेळंला मी हाक मारली. परत मारली. झोपेतच गेली होती. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, त्यांना काही तकलीफ झाली नसेल. तिला नसंल झाली.

माझा मुलगा आणि सून बजाजनगरला राहतात, ते लगेच आले. तिची धाकटी बहीण पडेगावची, ती आली. तिघंबी इथंच राहिले. मय्यत दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. मशीनीवर जोर केला की दुसऱ्या दिवशी जेवढं दुखतं त्याच्यापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, हे मला तेव्हा कळलं. घराच्या दोन पायऱ्या उतरायला गेलो आणि मांड्यांनी दगा दिला. मी खालीच बसलो. लगेच दोघांनी बगलेत हात घातले. पांढऱ्या कपड्यातल्या बाया रडायला लागल्या. "म्हाताऱ्याच्या पायातलं बळच गेलं हो," कुणीतरी म्हणालं.

आता काय सांगू? काल-परवा बायकोसंगं मशीन रेटली म्हणून पाय भरलेत, असं तिच्या मय्यतीत सांगू? सगळे 'बुद्धं सरणं' म्हणत चालले होते आणि मला दोघांनी धरून चालवलं. प्रत्येक पावलाला मांडीतून सणक यायची. रस्त्याच्या वळणावर ध्यानात आलं, की ती तर पुढं खांद्यावर चालली, पण आम्ही दोघांनी मिळून जे केलं ते अजून माझ्या मांड्यांत गरम आहे. घरातली तिची लुगडी, तवा, चष्मा, ते सगळं आधीचं. हे ताजं होतं.

मग मी ते दुखणं सांभाळायला लागलो.

बसताना दुखलं की मला बरं वाटायचं. उठताना दुखलं की तिचा आवाज आल्यासारखं व्हायचं. पोरानं गोळी आणली, ती मी चूळ भरताना मोरीत थुंकली. सून बिचारी गरम पाण्याची पिशवी घेऊन यायची. "मामा, जरा शेकून घ्या." "नको." "मग यांना तेल लावून द्यायला सांगते." "नको म्हणलं ना!" पोरगा एके दिवशी मालिश करणारा माणूसच घेऊन आला. त्याला मी असं बोललो की तो चहा बी न घेता गेला. पोरगा बायकोला म्हणाला, बाबांचं डोकं फिरलंय. मला ऐकू येत नाय असं त्याला वाटतं.

पण दुखणं काय, राहतं होय? एका सकाळी पायरी उतरलो आणि उतरल्यावर ध्यानात आलं की भिंत धरली नव्हती. तिथंच उभं राहून मांडी दाबली. होतं थोडं. आतमधी, खोल. दुपारी परत दाबली तर आणखी कमी.

दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीला धरलं आणि उठाबशा काढायला लागलो. मांड्या थरथरायला लागल्या, पण मी काढतच होतो. मला दुखायला पाहिजे होतं.

"दाजी, कान धरायचे राहिले की."

मेव्हणी होती. वाळलेले कपडे काढायला आली होती.

"कोणत्या मास्तरनं शिक्षा केली?" ती म्हणाली. मग माझं तोंड बघितलं आणि कपडे खाली ठेवले.

मी तिला सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाय, पोराला नसतं सांगितलं. मशीनीचं सांगितलं, फेऱ्यांचं सांगितलं. म्हणलो, हे दुखणं आम्हा दोघांचं आहे, हे गेलं की संपलं.

ती टाकीच्या कट्ट्यावर बसली.

"अक्कानं तुम्हाला चालवलं कशासाठी?" ती म्हणाली. "दुखणं जावं म्हणून ना? आणि तुम्ही ते शेळीच्या पिल्लासारखं पाळायला घेतलं."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"मला नाय कळत? आमचा माणूस गेला तेव्हा त्याची बंडी मी धुतली नव्हती. अंगातली काढलेली, तशीच घडी करून पेटीत ठेवली. वास राहील म्हणून. रोज काढायचे, तोंडाला लावायचे."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं आमच्याकडं येते-जाते, सख्ख्या बहिणीलाबी कधी बोलली नसंल.

"मग?"

"मग पावसाळा आला. बुरशी धरली तिला. वास त्याचा नाय राहिला, बुरशीचा आला. आणि मी तरी लावत होते तोंडाला. येडीच की नाय?"

"मग काय केलंस?"

"काय करणार. धुतली," ती म्हणाली, आणि कपडे उचलून खाली गेली.

मी तिथंच बसून राहिलो. मांड्या पेटल्या होत्या, पण ते दुखणं वेगळं होतं. ते मी एकट्यानं केलेलं होतं. दाबून दाबून बघितलं, तिचं कोणतं आणि माझं कोणतं, ते काय हाताला लागलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी उठायच्या आत बूट घातले. वाकून नाडी बांधताना जीव गेला. सून जागी झाली, म्हणाली, "मामा, कुठं? यांना उठवू का संगं?" म्हणलो, झोपू दे.

पहिली फेरी लंगडतच झाली. मय्यतीत मला धरून चालवणाऱ्यांपैकी एक जण समोरून आला, घाबरून म्हणाला, "काका, एकटेच निघालात? बसा जरा बाकावर." मी म्हणलो, बसून भरतात पाय. तो काय समजला कुणास ठाऊक. दुसऱ्या फेरीला हात हलवत चाललो, जोरात, डॉक्टरनं सांगितलं होतं तसं. दम लागला. वळणं आली आणि गेली, कुणी थांबलेलं नव्हतं. लई वाटलं की परत जावं, पांघरूण घ्यावं आणि जे काय उरलंय ते तसंच धरून पडावं. पण पाय चालत राहिले, मी बी त्यांच्या मागं चालत राहिलो. सदरा पाठीला चिकटला. कोणत्या फेरीला ते सांगता नाय येणार, पण कधीतरी मांड्या सैल झाल्या.

मग बाकावर बसलो. मांडी दाबली. नाय दुखली. अंगठा रुतवून दाबली. दुसरी दाबली. तिथं बसूनच रडलो, लोक बघत होते तरी. मग उठलो, वाटेत दुधाची पिशवी घेतली आणि घरी आलो. सुनेला म्हणलो, चहा टाक, मावशीला बी उठव.